मालकांच्या फोनवर येणारा कोड

लालबागला मसाल्याचं दुकान असलेल्या एका मालकांचा सर्व्हर मी सांभाळतो. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेला कॉम्प्युटर. दुकानाच्या ऑनलाइन ऑर्डरी त्याच्यावर येतात. भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे खातं उघडताना मोबाइल नंबर लागला. मालक वडीलधारे, म्हणून मी मानाने त्यांचाच दिला. नको तिथे शहाणपणा केला.

गणपतीला ते गावी कोकणात गेले आणि मी परळला बसून सर्व्हरची सुरक्षा घट्ट करायला घेतली. एक नियम चुकला, सर्व्हरने मलाच बाहेर काढलं. आत जायला आता भाड्याने देणाऱ्या कंपनीची साइट तेवढी उरली. तिचा कोड गेला मालकांच्या फोनवर, आणि त्यांच्या वाडीत रेंज नाही. मी वेड्यासारखा पुन्हा पुन्हा कोड मागवत राहिलो. शेवटी शेजाऱ्यांच्या लँडलाइनवर निरोप ठेवला.

मालक आरती सोडून रेंजसाठी टेकडीवर चढले. धापा टाकत त्यांनी सहा आकडे वाचले, पण त्या कोडची मुदत संपली होती.

"दुसरो पाठव रे, मी हयच उभो आसंय."

दुसरा येणार नव्हता. इतके कोड मागवल्यावर साइटने मला उद्यापर्यंत नवा कोड देणं बंद केलं होतं.

नंतर मी खात्यात दुसरा नंबर घातला, माझा.

यंदा सर्व्हर बंद पडला तो ऐन चतुर्थीला. मालक त्यांच्या गावी होते. मी आमच्या गावच्या टेकडीवर फोन वर धरून उभा होतो.