परत गेलेली सून

आमच्या महाडच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. त्यांच्या एका सणाला धर्मग्रंथातली दोन सुनांची गोष्ट वाचतात, ती त्यांनी डबा खाताना सांगितली. मुलगे गेल्यावर म्हातारी सासू दोन्ही विधवा सुनांना म्हणते, बायांनो, आपापल्या आईच्या घरी परत जा. एक रडते, सासूचा मुका घेते आणि जाते. दुसरी तिला बिलगते: तू जाशील तिथं मी येणार.

सगळ्याजणी त्या दुसरीवर खूश. मी मात्र डब्याचं झाकण लावलं, कारण मी पहिली.

माझा पहिला नवरा गेला तेव्हा पोलादपूरच्या वरच्या वाडीत सासू आणि मी दोघीच उरलो. वर्षश्राद्ध झालं आणि तिनंच माझी पिशवी भरली. "माझा काय गो, पिकला पान. तू जा आयेकडं, दुसरा घर बघ." मी नाय म्हटलं, तर म्हातारी चूलच पेटवेना. शेवटी गेले. पुढं महाडात लग्न झालं. नवरा चांगला आहे, देवाला बोल लावायला जागा नाही. पण भाकरी थापताना तिची आठवण येते, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि ती सांगायची कुणाला? पहिल्या सासूसाठी झुरणाऱ्या बाईला लोक वेड्यातच काढतील. एसटी पोलादपूरला थांबली की जीव कासावीस व्हायचा. उतरावं, पण कुठल्या नात्यानं?

"त्या पहिलीला पुस्तकात नावं ठेवलीत का हो?" मी बाईंना विचारलं.

"छे गं! सासूनं दोघींनाही आशीर्वाद दिलाय."

"मग ती पुन्हा भेटायला गेली का?"

"पुढं तिचं काही येतच नाही."

लिहिणाऱ्याला तिचं काय पडलंय! मला वाटतं, सासूनं तिची वाट पाहिलीच असणार. परत जा म्हणणारी बाई पुन्हा येऊ नको असं कुठं म्हणते?

त्या रविवारी पोलादपूरला उतरले आणि वाडी चढले. सासू पडवीत वाल निवडत बसली होती, पार वाळून गेली होती. सवयीनं डोक्यावर पदर घेतला आणि पाया पडायला वाकले.

तिनं दोन्ही हातांनी तो पदर मागं ओढला.

"म्हायेरी आलेली पोर डोकीवर पदर घेती काय गो?"