फवाऱ्यावर पाठमोरे बाबा

आधीच सांगतो, मी अकोल्यात फिजिक्स शिकवतो. अंगात येणं, सावल्या दिसणं... असलं काही सांगणाऱ्यांना मी स्टाफरूममध्ये सळो की पळो करून सोडलंय. आता ते मला हसतील. हसू देत.

बाबांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. आईचा एकच ध्यास – एकदा त्यांचा हालता चेहरा पाहायचाय. आणि बाबांना कॅमेऱ्याचं वावडं! मोबाइल काढला की पाठ फिरवायचे. माझ्याकडे एकच व्हिडिओ होता, मोर्शीच्या बागेत संत्र्यावर फवारणी करतानाचा. तोही सगळा पाठमोरा. म्हटलं, निदान प्रोजेक्टर लावून पाण्याच्या तुषारांवर माणसाएवढे तरी दाखवू.

घरामागच्या टिनाच्या शेडला ताडपत्र्या बांधून भरदुपारी अंधार केला. बागेतलाच फवारणी पंप आणला. पण आमच्या बोअरचं पाणी खारं – दहा मिनिटांत नोजल चोंदले! सुईने साफ करा, परत चोंदले. डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी त्यात ओतलं.

प्रोजेक्टरने माझी बाजू अडवलेली, म्हणून आई तुषारांच्या पलीकडे खुर्चीवर बसली. तिकडूनही चित्र दिसतं, फक्त डाव्याचं उजवं होतं. पाठ असेल तर पाठच दिसणार.

बाबा उमटले. पाठमोरे. मी विचारलं, "दिसून राहिले का, आई?"

"दिसून राहिले ना. माह्याकडंच पाहून राहिले."

"आई, पाठ आहे ती."

"पाठ कायची? अरे, त्याईच्या भिवईवर हळद कावून लावली रे? काई लागलं होतं का त्याईले?"

तो व्हिडिओ काढला त्या दिवशी त्यांना भिवईवर संत्र्याचा काटा लागला होता आणि गड्याने हळद दाबली होती. "तुह्या मायले सांगू नको," असं मला बजावलं होतं. आई तेव्हा अकोल्यात होती. मी कधीच बोललो नव्हतो.

धावत पलीकडे गेलो. पाठ!

त्यानंतर दर नळाच्या दिवशी लावून पाहिलं. दोन्ही बाजूंनी पाहिलं. आई आता येतही नाही. "मले दिसले, झालं," म्हणते. कारण मला आजही सापडलेलं नाही, आणि खरं सांगू? भीती नाही वाटत, राग येतो. शूटिंग माझं, खटपट माझी... अन् माझ्याकडे वळून एकदाही पाहू नये त्यांनी?