कमरेची पानं

परळच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं शिकवलं. दर ऑगस्टला आदिवासी दिनाचा नाच माझ्याच गळ्यात पडायचा. दादरच्या फुलबाजारातून अशोकाची पानं आणायची, सुतळीत ओवून मुलांच्या कमरेला बांधायची, तोंडाला काळं फासायचं. मुलं पुठ्ठ्याचे भाले नाचवायची, पालक फोटो काढायचे.

निवृत्तीच्या वर्षी माझे गुडघे पार गेले होते. शाळेत नवीन लागलेली शिपाई शहापूरकडची, ठाकर आदिवासी समाजातली. तिला म्हटलं, "पानं ओवायला जरा मदत कर ना. तुमच्याकडचंच आहे."

तिने सुतळी हातात घेतली. मग हळूच म्हणाली, "बाई, आमच्याकडे पानं कोण नेसतं? माझी आई लुगडं नेसते."

इतक्या वर्षांत हे कुणाला विचारावंसं मला वाटलं नव्हतं. तिला म्हटलं, "मुलांना तू सांगशील?"

"माझं कोण ऐकणार, बाई?"

"मी शेजारी बसते."

मुख्याध्यापिका नाराज झाल्या. "नाच नसेल तर रंगत जाईल," म्हणाल्या. वाद घालायचं त्राण नव्हतं. "मी नाही बसवणार," एवढंच बोलले आणि तिला सहावीच्या वर्गात घेऊन गेले.

तिथे तिने आजीबद्दल सांगितलं. तलाव बांधला तेव्हा आजीचा पाडा पाण्याखाली गेला, देवाची जागासुद्धा. माणसं वर डोंगराकडे सरकली.

एका मुलीने विचारलं, "तलावातलं पाणी कुठे जातं?"

"इथे. तुमच्या नळाला."

"आणि तुम्हाला?"

"विहीर आहे. उन्हाळ्यात आटते, मग लांब जायचं."

भूगोलात मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांची नावं मी दरवर्षी पाठ करून घेतली होती.

पुढच्या वर्षी, मी निवृत्त झाल्यावर, नाच परत बसला. तिनेच फोनवर सांगितलं. "पानं मी नाही ओवली," म्हणाली. यापलीकडे काही बदललं असेल असं मला वाटत नाही.

आता ग्रंथालयातून पुस्तकं आणते. तिच्या लोकांवर लिहिलेलं फार थोडं सापडतं, तेही बाहेरच्यांनी लिहिलेलं. दोन पानांत डोळे मिटायला लागतात. अडलं की तिला फोन करते. कधी ती सांगते, कधी म्हणते, "मला पण माहीत नाही, बाई. आईला विचारते."