‘सुरक्षित’ नावाची जोडी

दादाने लिहिलेला तो प्रोग्राम कुणीही फुकट घ्यावा, वापरावा, हवा तसा बदलावा, असा होता. एका डिस्कवर लिहिलेलं दुसरीवरही जसंच्या तसं उतरायचं. एक गेली तरी दुसरी हाताशी. या सोयीला दादाने नाव दिलं होतं ‘सुरक्षित’. त्याचे डोळे अधू झाल्यापासून प्रोग्रामचा सगळा व्याप धाकटी बहीण सांभाळायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं.

एके सकाळी एक म्हातारे शिंपीकाका आले. कापडात गुंडाळलेल्या दोन डिस्क त्यांनी जपून टेबलावर ठेवल्या.

“ताई, आमच्या हिने जाण्याआधी आजारपणात नातवंडांसाठी गोष्टी सांगून ठेवल्यात. हिच्याच आवाजात. तेवढ्या काढून द्या.”

तिने डिस्क लावून पाहिल्या. एक डिस्क केव्हाच मेली होती. दादाच्याच प्रोग्रामने ही नोंद कुठल्याशा कोपऱ्यातल्या फाइलमध्ये केली आणि हूं की चूं न करता उरलेल्या डिस्कवर गाडा ओढला. आता तीही गेली होती. तिने होते नव्हते ते सगळे उपाय केले. हाती काही लागलं नाही.

“दादा, डिस्क गेली की ओरडून सांगायला हवं,” ती जेवताना म्हणाली. “आणि ते नावही बदलायला हवं.”

“सांगायची सोय आहे की! सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची. माहितीत स्पष्ट लिहिलंय. लोक वाचत नाहीत, त्याला मी काय करू?”

“आपण मुळातच जे ठेवून देतो ते डीफॉल्ट म्हणजे न वाचणाऱ्यासाठी आपण घेतलेला निर्णय, दादा.”

दादा ताटावरून उठला. माघार घेणं त्याच्या रक्तातच नव्हतं. लहानपणी कॅरममध्ये हरला की तो बोर्डच उलटा करायचा.

शिंपीकाका डिस्क न्यायला आले, तेव्हा ती सुटे भाग आणायला बाहेर गेली होती. दादानेच चाचपडत पुडकं त्यांच्या हातात दिलं.

“काही मिळालं नाही,” तो म्हणाला.

“ताईंनी फोनवर सांगितलं.” काकांनी पुडकं पिशवीत ठेवलं. “‘सुरक्षित’ लिहिलं होतं हो. म्हणून निर्धास्त राहिलो. दुसरीकडे उतरवून ठेवायचं सुचलंच नाही.”

हे नाव आपणच ठेवलं, हे सांगायला दादाने तोंड उघडलं. पण ‘पायऱ्या सांभाळून उतरा’ एवढंच म्हणाला. काका पायऱ्या उतरून गेले.

ती परतली तेव्हा तो तिच्या खुर्चीत बसला होता.

“काय नाव ठेवायचं म्हणतेस?”

“आरसा. आरसा जे समोर आहे तेच दाखवतो. जपून ठेवत नाही.”

“बरं. आणि डिस्क मेली की दर वेळी मोठ्या अक्षरांत सांगू दे. ती सूचना मिटवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असं कर. नको असेल तो बंद करेल.”

नवी आवृत्ती निघाली आणि जुने वापरणारे तुटून पडले: नाव का बदललं, ही कटकट कशाला? बहीण एकेक तक्रार वाचून दाखवायची आणि दादा उत्तर सांगायचा. एरवी तिरसट असलेला तो माणूस प्रत्येकाला शांतपणे एकच सांगत राहिला, “आधीचं नाव माझं होतं. ते चुकलं होतं.”