मी लिहिलेली माघार

चूक माझीच. आमच्या दुबईतल्या मराठी मंडळाचा निवडणूक अधिकारी मी झालो, कारण नाव सुचवायची वेळ आली तेव्हा मी चहा आणायला उठलो होतो. अध्यक्षपदाला दोन उमेदवार: सहा वर्षं खुर्चीत असलेले अध्यक्षसाहेब आणि माझा मित्र. मतपत्रिका छापून झाल्या आणि मित्राने फोन केला. नोकरी गेली, व्हिसा कॅन्सल, आता इंडियाला परत. इकडे नोकरी गेली असं कोणी बोलत नाही. 'शिफ्ट होतोय' म्हणतात. मीही शहाणपणा केला. मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'वैयक्तिक कारणास्तव उमेदवाराने माघार घेतली आहे.' खाली जोडलेले हात.

त्याच्या पॅनेलने बदली नाव दिलं, अल बर्शात दर शनिवारी मुलांना मराठी शिकवणाऱ्या रत्नागिरीच्या बाईंचं; सगळे त्यांना आपा म्हणतात, म्हणजे ताई. घरी आम्हाला इंग्लिशमध्ये उत्तरं देणारी आमची कार्टी आपांसमोर मुकाट मराठी बोलतात. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांच्या वकिलाचं पत्र आलं. मंडळाच्या घटनेप्रमाणे उमेदवार वारला किंवा त्याचा व्हिसा गेला, तरच नाव बदलता येतं. स्वतः माघार घेतली तर नाही. पुरावा? माझा मेसेज!

वाद सभासदांच्या सभेत सल्लागार समितीपुढे आला. तिथे मी अक्षरशः ओरडलो, "अहो, त्याचा व्हिसा गेलाय! त्याची लाज राखायला मी तसं लिहिलं!"

शेवटी मित्रच उठला. चाळीस लोकांसमोर त्याने कॅन्सलेशनचा कागद टेबलावर ठेवला.

साहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले, "हबीबी, सहानुभूती आहे. पण माघार आधी आली, कागद नंतर. खलास."

पत्र पाठवायच्या आदल्या दिवशी याच गृहस्थांनी मला फोनवर विचारलं होतं, "बिचाऱ्याची नोकरी गेली ना हो?" सगळं ठाऊक होतं त्यांना. सगळं! मी ते तिथे सांगितलंही. समितीतले तिघे आपापल्या मोबाईलमध्ये बघत बसले.

आपांचं नाव बाद, साहेब बिनविरोध. पेढे तयारच होते. मी पेढा घेतला नाही, एवढंच माझं बंड. खोका मात्र शेजारच्याकडे मीच सरकवला.

गाडीत बसल्यापासून घराच्या पार्किंगपर्यंत मी साहेबांचा उद्धार करत होतो. बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं? आपा दोन दिवस भाषण पाठ करत होत्या. त्यांना अजून कळलं नसेल. आत्ता फोन लावा, आणि स्पीकरवर ठेवा. नाहीतर त्यांनाही काहीतरी गोडगोड सांगाल."