काळ्या पट्ट्याचे मानकरी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मधे हसलात की मला पुढचं सांगवत नाही. माझं लग्न पँटच्या पट्ट्यापायी मोडता मोडता राहिलं, आता काय सांगू!

तेव्हा मी लोणावळ्यात एका कचेरीत कारकून होतो. औंढ्याच्या सुशीलाशी सुपारी फुटलेली. होणाऱ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, जत्रेला बोलावलं. जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता, तोही इंग्रजी! कुठल्याशा चित्रकथेवरून काढलेला. नायकाच्या तोंडावर मुखवटा, हातात शस्त्र नाही. नुसत्या लाथा आणि हाताचे फटके. एकटा पन्नास जणांना लोळवतो आणि ओरडतो असा, की तंबूबाहेरच्या बैलांनी दावी तोडावीत. शेवटी तर त्यानं कौलांची चळत एका फटक्यात फोडली. औंढेकर खुळावले!

खेळाआधी तंबूवाल्यानं कर्ण्यावरून बरंच समजावून सांगितलं म्हणे. मी कुठला ऐकतोय? बायकांच्या बाजूला कनात होती आणि कनातीला एक फट होती. माझं सगळं लक्ष त्या फटीत.

खेळ सुटल्यावर सुशीलाचा भाऊ बबन जवळ आला. गावचा पैलवान गडी. हळूच म्हणाला, "दाजी, तुमच्याकडं हाय का वो काळा पट्टा?"

मी कमरेकडे बघितलं. नेमका तपकिरी होता. म्हटलं, जावयाच्या कपड्यांवर नजर आहे वाटतं!

"आहे की. घरी आहे."

"काय सांगता! आन ह्यो तपकिरी?"

"हा आधीचा. काळा नंतर घेतला."

"मंजी रीतसर चढत गेलात की! लय वर्सं लागली आसतील?"

"छे! पुण्याला गेलो, तिथं अर्ध्या तासात मिळाला."

बबननं आ वासला. "अर्ध्या तासात? मंग उंद्या आखाड्यात घालूनच या. गावाला दावू!"

तुम्हीच सांगा, माणूस काय समजेल? मला वाटलं, फेटा-नारळाचा मान असणार. घरी जाऊन पट्ट्याला बूटपॉलिश केलं. बक्कलसुद्धा घासलं!

दुसऱ्या दिवशी आखाड्यात पाय ठेवतोय तोच कर्णा गरजला, "काळ्या पट्ट्याचे मानकरी, आबांचे जावई, आता हातानं कौलं फोडतील हो!"

ढोल वाजायला लागला. समोर कौलांची चळत.

"बबनराव, हे काय?"

"आवं, तंबूवाला म्हनला न्हाई का? काळा पट्टा मंजी त्या विद्येतला सगळ्यात मोठा उस्ताद!"

माझा पट्टा पँटचा आहे, असं सांगायला तोंड उघडलं, तर पुढच्या रांगेत आबा फेटा सावरून बसलेले. बायकांत सुशीला. आता कच खाल्ली तर पोरगी हातची जाणार! डोळे मिटले, सिनेमातल्यासारखा ओरडलो आणि हात हाणला.

कड्कन आवाज झाला. टाळ्यासुद्धा पडल्या. कौलं मात्र होती तशीच होती.

हाडवैद्यानं मनगटाला कामट्या बांधल्या आणि म्हणाला, "हात गळ्यात आडकवाय कायतरी पट्टा द्या." बबननं मागचापुढचा विचार न करता माझ्या कमरेचाच ओढून काढला! पँट थोरल्या भावाची, चांगली ढगळ. ती मी डाव्या हातानं धरली.

मग आबांना सगळं खरं सांगून टाकलं. पट्टा, पुणं, पॉलिश. फट तेवढी वगळली. म्हटलं, मोडलं लग्न.

"पोरगं खोटं कुटं बोल्लं?" आबा एकदम हसायलाच लागले. "काळा पट्टा हाय म्हनलं, हाय की! सुशे, पावण्यास्नी च्या आन."

इतका आनंद झाला म्हणता! सुशीला कपबशी घेऊन समोर उभी. वाफाळता चहा, वर आल्याचा वास. माझा उजवा हात गळ्यात, डावा पँटला. भोवती सगळं सासर.

"घ्या ना," ती म्हणाली.

मी कपाकडे बघितलं, पँटकडे बघितलं.

"नको," म्हटलं, "मी चहा घेत नाही."

सगळ्या प्रकरणात खोटं बोललो ते एवढंच! तेव्हापासून सासरी माझ्यापुढे दूध येतं. आणि घरी? सुशीला रोज सकाळी दुधाचा पेला ठेवते, "तुम्ही चहा घेत नाही ना," म्हणते आणि गालातल्या गालात हसते.

म्हणून तर तुमच्याकडे येऊन बसतो. ओता अजून अर्धा कप!