शिवाआज्याला हळदीचं बोलावणं

चंद्रावती आजीने नवऱ्याशी अबोला धरला त्याला सात-आठ वर्षं झाली होती आणि मधे नवरा वारला, एवढ्या क्षुल्लक कारणासाठी तो सोडायला ती तयार नव्हती.

नवरा म्हणजे शिवाआजा. तरुणपणी मिठागरात राबला, नंतर धरमतरच्या जेटीवर बार्जवर खलाशी होता. कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. लग्नात पंगतीला बसला की पहिल्या घासालाच विचारायचा, "म्हातारा कोन होता, बोकड का आचारी?" यजमान कितीही मोठा असो, आज्याने त्याच्या मटणाला नाव ठेवलं नाही असं झालं नाही. तरी आमंत्रणं यायची, कारण आजा नसला की पंगत अळणी लागायची.

आणि आजी होती धवलारीण. लग्नाच्या मांडवात धवले गायचे, आधी सगळे देव बोलवायचे, मग त्या घरातले गेलेले लोक एकेक करून नावाने बोलवायचे, हे तिचं काम. तिने हाक मारल्याशिवाय पेणच्या खाडीकाठच्या चार गावांत कुणाला हळद लागत नसे. अशाच एका हळदीला तिचं गाणं लांबलं आणि शिवाआजा दोन पेले पोटात घालून भर मांडवात उभा राहिला. "बस कर गो! देव कवाचे येऊन बसल्यान, त्यांना पन भुका लागल्या असतील!"

मांडव खो खो हसला. आजीने गाणं पुरं केलं, घरी आली आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं बंद. घरातले सगळे मधल्यामधे निरोपे झाले. कुणी नसलं की मांजर. "मने, त्याला सांग, चा झाली." आजाही कमी नाही, तो मांजरालाच उत्तर द्यायचा, "तिला इचार, साखर टाकलीस का?"

गेल्या वर्षी आजा दुपारचा जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. आजीने सगळं रीतसर केलं, पण रडली नाही. पुढे कुणीतरी कुजबुजलं की आता तिने धवले गाऊ नयेत, विधवा झाली. आजी म्हणाली, "धवले माजे तोंडान हान, कपालान नाय." विषय तिथेच मिटला.

आणि आता तिच्या नातीची, किमयाची हळद आली.

"आजी, आज्याला बोलवायचा," किमया म्हणाली.

"नाय."

"अगो, सगल्यांचे आजे येतान!"

"येऊं देत. हा आयला तर मधेच बोलंल."

किमयाने भावाला, प्रणितला फोन लावला आणि रडून सांगितलं, "आज्याला बोलावल्याशिवाय मी पाटावर बसनार नाय. तू काय तरी कर."

प्रणित रोह्याला कंपनीत शिफ्ट करायचा, वरसे गावात खोली करून राहायचा आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवून शेजाऱ्यांचा अंत पाहायचा. त्याला करता येण्यासारखं एकच होतं. त्याने आज्यावर गाणं रचलं. "तू वटवृक्षाची छाया, तू सागराची माया." फोनवर ऐकून किमया म्हणाली, "हा कोन? शालेचा हेडमास्तर?"

प्रणितला राग आला, पण तिचं खरं होतं. ज्या माणसाने जन्मभर खाडीला शिव्या घातल्या त्याला सागराची माया म्हणणं म्हणजे कमालच होती. पेणला येताना गाडीत गिटार मांडीवर घेऊन त्याने नवं गाणं बांधलं. समोरच्या बाईने टोपलीसकट जागा बदलली.

हळदीची संध्याकाळ. मांडव भरलेला, रोह्याचे व्याही पुढे खुर्च्यांवर, डीजेवाला नितेश आपली पाळी कधी येते याची वाट बघत उभा. आजी गायला बसली. देव झाले. सासरा आला, सासू आली, खाडीत बुडालेला दीर आला, कुणालाच न आवडणारी चुलतसासूसुद्धा आली. आणि आजी नवऱ्याला वगळून सरळ पुढे निघाली.

किमया पाटावरून उठली.

प्रणित गिटार घेऊन पुढे आला. आता नाही तर कधीच नाही, म्हणून त्याने तारा छेडल्या.

"ये रं शिवा आज्या, नातीचे हलदीला,
नावां ठेवाला ये, आमचे मटनाला.
बार्जावरशी ये, बांधावरशी ये,
पिऊन ये, पन ये रं आज्या, भांडाला ये."

व्याह्यांसमोर "पिऊन ये" ऐकून प्रणितच्या बापाने, हरेशने, कपाळाला हात लावला. मागची पुरुषमंडळी फिदीफिदी हसू लागली. आजीने हात वर केला.

"थांब. असा बोलवतान? बापाचा नाव नाय, खालची का वरची, आलीचा नाव नाय. शिवा काय एकच हाय गावान? मेलेलेच चार हान! भलताच शिवा येऊन बसंल मंग? कालुरामाचा शिवा आयला तर? तो नुसता बायकांकडं बघंल!"

हसून हसून बायकांची पुरेवाट झाली. प्रणित म्हणाला, "मंग तूच सांग, आजी. बरोबर कसा?"

आजी पेचात पडली. बरोबर हाक मारायची तर नाव तिच्याच तोंडून यायला हवं होतं, आणि "ये" त्यालाच म्हणायला हवं होतं. मधे मांजर चालणार नव्हतं. पण आपल्या मांडवात चुकीचं बोलावणं जाऊ देणंही तिच्या रक्तात नव्हतं. तिने पदर सावरला आणि गिटारकडे रागाने बघत सूर लावला.

"खालचे आलीचा, पोपटाचा ल्योक, किमयाचा आजा, माजा नवरा शिवा..."

सूर तिथेच तुटला. पुढचं तिने गायलंच नाही, बोलली.

"ये. ये रं. तू गेलास, आनि मी काय बोलली पन नाय तुज्याशी."

चार गावांची धवलारीण पुढची ओळ विसरली. तोंडाला पदर लावून ती रडली, वर्षभराचं राहिलेलं सगळं रडली. किमया तिच्या गळ्यात पडली आणि आजीचं पातळ हळदीने पिवळं झालं. प्रणितला कुठे थांबावं कळेना, म्हणून तो एकच सूर वाजवत राहिला.

शेवटी आजीने डोळे पुसले आणि त्याच्यावर खेकसली, "बंद कर ती कटकट. आयला तो. सरका गो, बसाला जागा द्या त्याला."

आणि रडता-हसता बायका खरंच सरकल्या.